पऱ्हाटी कुणाची, पाणी कुणाचे?

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीला शेतमालक कचरा म्हणतो आणि आमच्या वस्तीतली बाई सरपण म्हणते. आता तिला तिसरे नाव मिळाले आहे. जगभरच्या प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ तिला कच्चा माल म्हणू लागले आहेत. पऱ्हाटी, तुराटी, मक्याचे धांडे, उसाचे चिपाड असल्या काडीकचऱ्याचा कोळसा करायचा, तो पाण्यावर तरंगत ठेवायचा आणि नुसत्या उन्हावर खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करायचे, असे हे संशोधन आहे. बदनापूर तालुक्यात ऊन फुकट आहे, पऱ्हाटी बांधाबांधावर पडली आहे आणि पिण्याचे पाणी मात्र विकत घ्यावे लागते. अशा ठिकाणी ही गोष्ट चळवळीच्या माणसाने कान देऊन ऐकली पाहिजे. आणि ऐकून झाल्यावर तिची उलटतपासणीही घेतली पाहिजे. आमचा पेशाच तो असल्याने ते काम आम्ही येथे करीत आहोत.

आधी शास्त्र समजून घेऊ. परातीत पाणी भरून उन्हात ठेवले तर ऊन सगळे पाणी थोडे थोडे तापवण्यात खर्ची पडते आणि वाफ फारशी होत नाही. वाफ तर पाण्याच्या फक्त वरच्या थरातून निघते. मग खालचे सगळे पाणी तापवायचे कशाला? उन्हाची सगळी उष्णता त्या वरच्या पातळ थरालाच द्यावी, ही या संशोधनातली मूळ कल्पना. २०१४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी कार्बनचा सच्छिद्र तरंगता थर करून ते दाखवून दिले. २०१७ साली मेरिलँड विद्यापीठात लाकडाचा वरचा भाग जाळून काळा केला आणि तेच साधले. त्याच वर्षी चीनमधील नानजिंगच्या शास्त्रज्ञांनी चक्क आळंबीचा कोळसा करून वापरला. त्यानंतर मग शेतातल्या काडीकचऱ्याची रीघच लागली.

झाडाचाच कोळसा का? कारण झाड आयुष्यभर हेच काम करते. मुळातून पाणी ओढून पानापर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्या त्याच्या काडीत असतात. हवा न लागू देता काडी भाजली की तिचा कोळसा होतो, पण नळ्या बहुतांशी शाबूत राहतात. काळा रंग ऊन पितो आणि दिव्यातली वात जसे तेल ओढते तशा त्या नळ्या खालून पाणी ओढतात. वर उतरती काच लावली की वाफ तिला चिकटते, थेंब ओघळतात आणि पन्हाळीतून भांड्यात येतात. मीठ, फ्लोराईड, नायट्रेट खालीच राहते. यात वीज नाही, पंप नाही, गाळणी बदलण्याचा खर्च नाही.

ऐकायला छान वाटते ना? आता हिशेब मांडू.

एक लिटर पाण्याची वाफ करायला, विजेच्या मापात सांगायचे तर, सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता लागते. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर तासाला साधारण एक युनिट ऊन पडते. म्हणजे सगळे ऊन कामी आले तरी तासाला दीड लिटर. आमच्या मराठवाड्यात वर्षाची सरासरी धरली तर चौरस मीटरला दिवसाचे पाच ते साडेपाच युनिट ऊन मिळते. म्हणजे साध्या पेटीत दिवसाला आठ लिटर ही वरची हद्द झाली. प्रत्यक्षात काच ऊन परत फेकते, उष्णता बाजूने निसटते, वाफ पेटीत अडून बसते. हाती तीन-चार लिटर आले तरी चांगले म्हणायचे. काही शोधनिबंधांत तासाला दोन-तीन लिटरचे आकडे असतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मोजलेले असते ते उडून गेलेले पाणी, भांड्यात जमा झालेले नव्हे. शिवाय ते प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली, तळहाताएवढ्या तुकड्यावर आणि मोकळ्या हवेत मोजलेले असते. मोकळी हवा स्वतःची उष्णताही देते आणि वाफ वाहूनही नेते. काचेच्या बंद पेटीत या दोन्ही सवलती मिळत नाहीत. उडालेले पाणी तहान भागवत नाही, एवढे तरी आम्हाला कळते.

ही गोष्ट नवीही नाही. १८७२ साली चिली देशातल्या लास सालिनास येथे खाणीसाठी उन्हावर पाणी गोडे करणारा कारखाना उभा राहिला. सुमारे साडेचार हजार चौरस मीटर काच आणि दिवसाला वीस हजार लिटरहून अधिक पाणी. तो कित्येक वर्षे चालला. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ साली गुजरातमधील अवानिया गावात रोज पाच हजार लिटरचा असाच प्रकल्प उभारला होता. त्यातले पाणी चौरस मीटरमागे तीन लिटरच्या आतच पडत होते. कोळशाच्या नव्या थराने हे प्रमाण वाढते. दीडपट झाले तरी गरिबाच्या घरात फरक पडेल. पण चमत्कार होणार नाही, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज पंचवीस लिटर पाणी धरू. तीन लिटरच्या हिशेबाने आठ-नऊ चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या आसपास पेटी लागेल. आमच्या वस्तीतल्या कित्येकांचे अख्खे घरच तेवढे असते. त्यामुळे हे घरोघर होणारे काम नव्हे. बुद्धविहाराच्या छतावर, शाळेच्या गच्चीवर, अंगणवाडीजवळ सामाईक पेट्या बसवायच्या आणि लहान मुले, गरोदर बाया, आजारी माणसे यांना आधी पाणी द्यायचे, अशी रचना करावी लागेल. पावसाळ्यात ऊन नसले तरी हीच उतरती काच पावसाचे पाणी गोळा करून देईल. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये झाली तशी गारपीट झाली तर काच टिकणार नाही, म्हणून वरून जाळीही लागेल. वैशाखातल्या वावटळीची धूळ रोज पुसावी लागेल. कोळशाच्या थरावर साचणारे मीठ रात्री धुवावे लागेल. उरलेले जादा खारट पाणी परत बोअरजवळ ओतून चालणार नाही. हे सारे काम कोण करणार? घरातली बाईच करणार. म्हणून तिच्या कामाचा मोबदला प्रकल्पाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.

याची गरज कुठे आहे? सगळ्यात आधी विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणीच खारे आहे. (आपल्या जालन्याच्या उत्तरेकडून वाहणारी पूर्णा गोदावरीला मिळते, ही पूर्णा तापीला मिळते. नाव एक, नशीब वेगळे.) नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील ९३२ गावे घेतली गेली होती. संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या मूत्रपिंडाच्या आजारांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. तिथेही शेतात कापूस आणि तूरच असते. म्हणजे रोग आणि त्यावरची काडी एकाच शिवारात.

आमच्या जालना जिल्ह्यात खारेपणापेक्षा चोरटे दुखणे आहे. काळ्या पाषाणातल्या विहिरी आणि बोअर पाणी फार धरीत नाहीत. जे उरते त्यात खताचा, गोठ्याचा, सांडपाण्याचा निचरा उतरतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले. मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. नायट्रेटला रंग नाही, वास नाही आणि पाणी उकळून ते जात नाही. उलट उकळताना पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते. बाळाच्या दुधात हे पाणी गेले तर बाळ निळे पडू शकते. आमच्या आयाबाया पाणी उकळून देतात आणि त्यांना वाटते आपण काळजी घेतली. जंतूंपुरती ती घेतलेलीच असते, नायट्रेटचे मात्र काही होत नाही. ज्यांना परवडते ते रोज वीस-तीस रुपये मोजून जार घेतात, म्हणजे महिन्याला सहाशे ते नऊशे रुपये. तो जार अनेक ठिकाणी नुसता थंड केलेला बोअर असतो. घरगुती आरओ यंत्र बसवावे तर ते गाळते त्याहून जास्त पाणी फेकून देते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत फेकायला पाणी आहे कुणाकडे? तेव्हा उन्हावर चालणारी, पाणी वाया न घालवणारी पेटी आम्हाला हवीच आहे. मात्र पाण्यात अमोनिया किंवा उडून जाणारी रसायने असतील तर ती वाफेबरोबर वर येऊ शकतात. म्हणून कोणत्या बोअरचे पाणी पेटीत घालायचे हे तपासणीशिवाय ठरवू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. या योजनांच्या कागदांवर एक वाक्य हमखास असते की, शेतातला कचरा संपेल आणि लोकांना पाणी मिळेल. आम्ही या वाक्याचे दोन्ही भाग वेगवेगळे तपासले. कापसाच्या एका हेक्टरात दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, म्हणजे एकरी साधारण एक टन. तिचा कोळसा केला तर वजनाचा चौथा हिस्सा हाती येतो. चौरस मीटरला एक किलो कोळसा सढळ हाताने धरला तरी एका घराच्या पेटीला नऊ किलो कोळसा, म्हणजे छत्तीस किलो पऱ्हाटी पुरते. एका एकराच्या पऱ्हाटीत पंचवीसहून अधिक घरांची सोय होते, आणि हा थर रोज बदलायचाही नसतो. मग पाण्यासाठी तालुक्याची पऱ्हाटी गोळा करण्याचे कारण काय? पाण्याच्या नावाने जो कुणी ट्रॅक्टर भरभरून पऱ्हाटी नेईल तो पाण्यासाठी नेत नाही, हे समजून घ्या.

ती नेणारे आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के जैविक पेलेट मिसळण्याचे धोरण लावले. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र केव्हाच तयार केले आहे. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली कापूस खाल्ला, तेव्हापासून कृषी खाते डिसेंबर-जानेवारीतच पऱ्हाटी काढून टाका म्हणून सांगत आहे. आजवर शेतमालक तिचे काय करीत होता? एक तर बांधावर पेटवून देत होता, नाही तर मजूर बाईला सांगत होता, उपट आणि घेऊन जा. शेत फुकटात साफ होत होते आणि बाईला वर्षाचे सरपण मिळत होते. हा व्यवहार कुठे लिहिलेला नाही, पण पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. २०१६ साली आलेल्या उज्ज्वला योजनेचा गॅस घरात आहे, पण दुसरी टाकी भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. उद्या पऱ्हाटीला टनामागे भाव आला की त्याच बाईला बांधावरून हाकलतील. परवापर्यंतचा कचरा उद्या चोरीचा माल होईल, आणि ते प्रकरण आमच्याच टेबलावर येईल.

कायदा काय म्हणतो? सातबारा ज्याच्या नावावर, पऱ्हाटी त्याची. भूमिहीनाच्या वहिवाटीची नोंद सातबाऱ्यावर नसते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि सामाईक मालमत्ता, नदी, ओढा, विहीर, तळे, नळ वापरण्यास अडवणे हा गुन्हा ठरला. ती दुरुस्ती पाण्याजवळ आम्हाला उपयोगी पडते, खासगी शेतातल्या काडीजवळ नाही. मग काडी गोळा करून तिचा कोळसा करणारे केंद्र उभे राहील कुठे? बहुधा गायरानावर. आणि येथे आमच्या जखमेवरची खपली निघते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यातून आलेल्या जाणिवेने मराठवाड्यातील आमच्या माणसांनी गायराने कसली. १९९१ च्या शासन निर्णयाने काहींची अतिक्रमणे नियमित झाली, हजारोंची लटकली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्याच वर्षी शासनाने गायराने राखण्याचा निर्णय काढला आणि २०२२ साली राज्यभर अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा निघाल्या. पुढच्याच वर्षी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमिनी सौर प्रकल्पांना नाममात्र भाड्याने देण्याचे धोरण आले. सूर्याच्या नावाने कंपनीला गायरान चालते, भूमिहीनाच्या दोन एकर बाजरीला मात्र चालत नाही. म्हणून सौर हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. त्याला विज्ञानविरोध म्हणणाऱ्यांनी आधी एखादी नोटीस वाचून यावे.

विज्ञानाशी आमचे भांडण असेल कसे? मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या जलनीतीचा पाया घातला. दामोदर खोऱ्याची योजना आणि १९४५ साली स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग त्यांच्याच कारकिर्दीतला. पण त्याआधी त्यांनी महाडला २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी प्याले, हेही तितकेच खरे. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ सालीच कौन्सिलात मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेने तळे खुलेही केले होते. कागद तयार होता, पाणी मिळत नव्हते. पुढे दावा चालला तो थेट मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत. कागदावर असलेले पाणी ओंजळीत यायला दहा वर्षे लागली. शोधनिबंधातले पाणी वस्तीत यायला किती लागतील?

ते आपल्या मुलांवरही अवलंबून आहे. मराठवाड्यातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत आज आपली मुले-मुली संशोधन करतात. शिष्यवृत्तीसाठी त्यांतल्या काहींना आझाद मैदानात बसावे लागले, मगच ती मिळाली. त्यांनी परदेशी नियतकालिकात निबंध छापावेत, आम्हाला आनंदच आहे. पण त्यांतल्या एकाने तरी तळहाताएवढा तुकडा सोडून पत्र्याएवढी पेटी करावी आणि ती वर्षभर उघड्या उन्हात ठेवून सांगावे की, भांड्यात इतके पाणी आले, काच इतक्या वेळा फुटली, मीठ असे साचले, खर्च इतका झाला. बदनापूरला कडधान्याचे कृषी संशोधन केंद्र आहे. बीडीएन-७११, बीडीएन-७१६ या तुरीच्या जाती त्यानेच दिल्या. ज्या केंद्राने तुरीचा दाणा सुधारला त्याने तुराटीकडेही पाहायला काय हरकत आहे? कोळसा करताना धूर आणि विषारी वायू निघतो, कच्च्या कोळशात अपायकारक घटक राहतात. ते धुऊन, तपासूनच पिण्याच्या पाण्याजवळ न्यायला हवेत. ही तपासणी विद्यापीठाचे काम आहे. भट्टीपाशी धूर खायला आमचा माणूस आणि अहवालावर सही करायला साहेब, ही जुनी वाटणी यात नको.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. पेट्या बसल्या की नळाची मागणी मागे पडेल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे आश्वासन आहे. पेटी देईल माणशी पाच लिटर. उरलेल्या पन्नास लिटरांना पेटी हे उत्तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग मानला आहे. त्यामुळे पेटी बसली म्हणून पंचायतीची आणि शासनाची जबाबदारी कमी होत नाही. कुणी तसे म्हणाले तर त्याच्याकडून ते लेखी घ्यावे.

पऱ्हाटी उपटण्याचे दिवस जानेवारीत भरात असतात आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असते. ग्रामसभेला खासगी शेतावर हुकूम चालवता येत नाही, हे आम्ही वकील म्हणून आधीच सांगतो. पण पंचायतीची जागा, गायरान किंवा सरकारी अनुदान घेऊन काडी गोळा करण्याचे केंद्र उभे राहणार असेल तर अटी घालण्याचा ठराव ग्रामसभा नक्कीच करू शकते. ठरावात चार गोष्टी घाला. वस्तीच्या प्रत्येक बोअर आणि हापशाच्या पाण्याची नायट्रेट, फ्लोराईड, क्षार यांसाठी तपासणी होऊन आकडे मराठीत चावडीवर लावावेत. काडी गोळा करण्याचे काम भूमिहीन महिलांच्या बचत गटाला मिळावे आणि सरपणाचा वाटा आधी बाजूला काढावा. विहाराच्या किंवा शाळेच्या छतावर एक पेटी अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीतून बसवून वर्षभर रोजचे पाणी वहीत नोंदवावे. आणि गायरान कसणाऱ्या कुणालाही यासाठी उठवू नये. ठराव फेटाळला तर इतिवृत्तात फेटाळल्याची नोंद करून घ्या आणि त्याची नक्कल मागा. मसुदा लागल्यास आम्ही करून देऊ, त्याची फी नाही.